यादीतली नावं पुसली जाण्याआधी

पोस्टानं आलेला कागद मावशींनी चार घड्या घालून रेशनकार्डाच्या प्लास्टिक पिशवीत ठेवला होता. बाजाराच्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या, कोथिंबिरीची पाटी दाराशी टेकवली आणि पिशवी पुढे केली. "बाई, वाचून दावा. मला वाटतंय यादी आली."

यादी नव्हती. दोन ओळी होत्या. मागितलेली माहिती त्रयस्थ व्यक्तींची वैयक्तिक माहिती असल्यानं माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ८(१)(ञ) अन्वये देता येत नाही. खाली सही, गोल शिक्का, जावक क्रमांक.

मावशींनी काय मागितलं होतं? संजय गांधी निराधार योजनेत आपल्या गावातल्या कुणाकुणाला पगार मंजूर झाला, त्याची यादी. आमच्याकडे त्या पेन्शनला पगारच म्हणतात. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. जमीन नाही. त्यांचा अर्ज 'उत्पन्न ₹२१,००० पेक्षा जास्त' म्हणून फेटाळला गेला. आणि जिच्या दारात ट्रॅक्टर उभा असतो, तिला महिन्याला ₹१,५०० सुरू आहेत. गावाला सगळं माहीत आहे. पण गावाला माहीत असणं वेगळं आणि कागदावर असणं वेगळं. मावशींना तो कागद हवा होता. त्यासाठी त्यांनी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला, अर्जावर सही केली आणि महिनाभर वाट पाहिली.

मी दोन ओळी वाचून दाखवल्या. त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे ट्रॅक्टरवालीचं नाव खासगी झालं व्हय?"

हो. झालं. आणि म्हणूनच आज हे तुम्हाला लिहिते आहे.

तुम्ही शहरात असाल, गावात असाल. तुम्हाला निराधारचा पगार लागत नसेल. तरी वाचा. कारण जे कलम मावशींच्या पत्रात आलं, ते उद्या तुमच्या पत्रात येणार आहे. तुमच्या सोसायटीसमोरच्या अर्धवट गटाराबद्दल विचाराल तेव्हा येईल. तुमच्या मुलाच्या शाळेत पोषण आहाराचा तांदूळ कोण पुरवतो, हे विचाराल तेव्हा येईल. ज्या पुलावरून तुमची एसटी जाते त्याची तपासणी कुणी केली, हे विचाराल तेव्हाही येईल. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र आठवा. महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात गेला आणि त्याच्याबरोबर माणसांनी भरलेल्या एसटी गाड्या गेल्या. त्या पुलाची तपासणी कुणी केली होती, कागदावर काय शेरा मारला होता, हा प्रश्न तेव्हा घराघरांत विचारला गेला. शेरा मारणाऱ्याला नाव असतं. ते नाव 'वैयक्तिक' ठरलं, तर विचारायचं कुणाला?

काय बदललं ते आधी समजून घ्या. अवघड नाही.

२००५ च्या कायद्यातही खासगी माहितीला संरक्षण होतंच. असायलाही हवं. पण त्या वेळी 'नाही' म्हणण्याआधी अधिकाऱ्याला स्वतःलाच काही विचारावं लागे. या माहितीचा सरकारी कामाशी, लोकांच्या हिताशी काही संबंध आहे का? ती दिल्यानं कुणाच्या खासगीपणावर विनाकारण घाला पडेल का? आणि पडत असला, तरी लोकांचं हित त्याहून मोठं आहे का? या सगळ्याच्या शेवटी एक साधी फूटपट्टी दिली होती: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही माणसाला नाकारता येणार नाही. आमदाराला मिळते ना? मग मावशींनाही मिळेल. मला तर त्या अख्ख्या कायद्यातलं हेच वाक्य सर्वांत आवडायचं. वर्गात नागरिकशास्त्र शिकवताना मी ते फळ्यावर लिहायची.

ते वाक्य आता नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा नवा कायदा झाला. त्याच्या अगदी शेवटी, ४४ व्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात, माहितीच्या अधिकारातलं हे कलम बदलून टाकलं. सगळे प्रश्न काढले, फूटपट्टी काढली. इंग्रजीत अवघे सहा शब्द उरले. त्यांचा अर्थ एवढाच, की वैयक्तिक माहितीशी संबंधित असेल ती माहिती द्यायचं बंधन नाही. आणि 'वैयक्तिक माहिती' म्हणजे काय, हे माहिती अधिकाराच्या कायद्यात कुठं सांगितलेलंच नाही. नोव्हेंबर २०२५ च्या मध्याला नव्या कायद्याचे नियम आले. नागरिकांना संरक्षण देणारी बहुतेक कलमं दीड वर्षानं, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार, असं त्यात ठरलं. पण माहिती अधिकाराला कात्री लावणारं हे पोटकलम? ते त्याच वेळी लागू झालं.

पुन्हा वाचा. तुमचा मोबाइल नंबर विकणाऱ्याला आवरणारी कलमं थांबली आहेत. मावशींची यादी अडवणारं कलम सुरू झालं आहे.

तुमच्या मनात येईल, की अहो, खासगीपणही महत्त्वाचं नाही का? आहे. शंभर टक्के आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क आहे असं एकमतानं सांगितलं, तेव्हा माझ्यासारख्यांना आनंदच झाला होता. आपल्या घरचीच अवस्था पाहा. आधारची झेरॉक्स आपण कुठं कुठं देत नाही? सिमकार्डाला देतो, लॉजवर देतो, लग्नाच्या हॉलला देतो. झेरॉक्सच्या दुकानात जरा काळी आलेली प्रत तिथल्याच टोपलीत पडते आणि संध्याकाळी त्याच कागदात भेळ बांधून मिळते. घरात बाळ जन्माला आलं, की आठवड्यात विम्याचा फोन. मुलगी बारावी झाली, की कॉलेजांचे मेसेज. नंबर कुणी दिला? कुणालाच ठाऊक नाही. म्हणून डिजिटल काळात आपल्या माहितीला कुलूप लावणारा कायदा हवाच होता. मी त्या कायद्याच्या विरोधात नाही. तुम्हीही होऊ नका. त्यात चांगल्या गोष्टी आहेत. तुमची संमती मागणारी सूचना तुम्हाला मराठीतून वाचता आली पाहिजे, असं त्यात लिहिलं आहे. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेचा पर्याय द्यावाच लागेल. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर आईबापांची संमती लागेल. कसूर करणाऱ्याला ₹२५० कोटींपर्यंत दंड होऊ शकेल. येऊ दे ते सगळं. लवकर येऊ दे.

पण कुलूप माझ्या घराला लावायचं होतं. ते तहसील कचेरीच्या दप्तराला कशाला?

हा फरक न कळण्यासारखा नाही. कळणाऱ्यांनी तो आधीच सांगूनही ठेवला होता. २०१२ साली न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ गटानं खासगीपणाच्या कायद्याचा आराखडा मांडला, तेव्हाच स्पष्ट म्हटलं होतं, की उद्या असा कायदा आला तरी त्यानं माहितीच्या अधिकाराला बाधा येता कामा नये. सरकारचं म्हणणं वेगळं आहे. ते म्हणतं, काळजी कशाला, माहिती अधिकारातलं कलम ८(२) जागच्या जागी आहे. लोकहित मोठं असेल तर माहिती देता येतेच. खरं आहे. ८(२) आहे. त्याचा उपयोग कसा करायचा ते पुढे सांगतेच. पण त्यातला शब्द पाहा. कार्यालय माहिती 'देऊ शकेल' असं तिथं लिहिलं आहे. ते कुणी ठरवायचं? त्याच कार्यालयानं. आणि ते चुकलं तर? अपील करा, तारीख घ्या, थांबा. सतर्क नागरिक संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार आपल्या राज्य माहिती आयोगाकडे एक लाखाहून जास्त अपिलं आणि तक्रारी पडून होत्या. देशात सर्वांत जास्त. मावशींचं वय ५८ आहे.

नावांचं एवढं काय, असंही कुणी म्हणेल. अहो, नावांतूनच तर हा कायदा जन्माला आला.

१९९४ साली राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेनं गावोगाव जनसुनवाया घेतल्या. अरुणा रॉय आणि त्यांचे सहकारी गावातल्या कामांची बिलं आणि मस्टर मिळवत आणि मांडवात, सगळ्यांसमोर, मोठ्यानं वाचत. अमुक अमुक, इतके दिवस काम, इतकी मजुरी. आणि समोर बसलेल्या गर्दीतून आवाज यायचा, की हा तर मेला. हा तर गाव सोडून गेला. ही तर मीच, मला दमडी मिळाली नाही. बाकी पुरावा लागलाच नाही. नाव वाचलं की चोरी उघडी पडायची. आता कल्पना करा, त्याच मस्टरवर नावांच्या जागी काळी पट्टी ओढली आहे. वाचणार काय? 'एक इसम, सहा दिवस'?

गोव्यानं तर १९९७ मध्येच स्वतःचा माहिती कायदा केला होता. महाराष्ट्रानं २००२ मध्ये चांगला कायदा केला, पण तो प्रत्यक्षात यावा म्हणून ऑगस्ट २००३ मध्ये अण्णा हजाऱ्यांना आझाद मैदानात उपोषणाला बसावं लागलं. १२ ऑक्टोबर २००५ ला तो हक्क जवळजवळ साऱ्या देशाला मिळाला. आणि आपण तो वापरला. कुलाब्याची आदर्श सोसायटी आठवते? एकतीस मजले. माहिती अधिकाराचे अर्ज करणारी माणसं वर्षानुवर्षं त्या कागदांच्या मागे लागली होती. तो मजल्यांचा प्रश्न नव्हताच मुळी. मुंबईत उंच इमारतींचं काय नवल? तिथं सभासद कोण आहेत, हा प्रश्न होता. सभासदांची नावं बाहेर आली आणि २०१० मध्ये राज्याच्या मुख्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं. नावं नसती तर ती एक उंच इमारत, एवढंच राहिलं असतं.

यासाठी माणसांनी जिवाचं मोल दिलं आहे. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी जमिनींचे व्यवहार माहिती अधिकारातून उघडे करत होते. जानेवारी २०१० मध्ये सकाळी फिरायला गेले असता त्यांचा खून झाला. त्यांच्या माघारी आपल्या हातात काय राहिलं? हाच दहा रुपयांचा अर्ज.

आणि मला सर्वांत जास्त कशाचा राग येतो सांगू? संगणकाच्या नावानं हे चाललं आहे, त्याचा. २००५ चा कायदा काढून वाचा. माहिती फ्लॉपीवर मागता येईल, व्हिडिओ कॅसेटवर मागता येईल, असं त्यात लिहिलं आहे. आज हसू येतं. माझ्या नातवानं फ्लॉपी पाहिलेली नाही. पण त्या जुन्या शब्दांमागची नियत बघा. सगळी दप्तरं संगणकावर आणा, देशभर एकमेकांना जोडा, म्हणजे लोकांना ती सहज पाहता येतील, हे कलम ४ मध्ये तेव्हाच लिहून ठेवलं होतं. संगणक आणायचा तो दार उघडायला.

झालं काय? पूर्वी ग्रामपंचायतीत रजिस्टर असायचं. लाल कापडात बांधलेलं, कोपरे कुरतडलेलं, पण टेबलावर असायचं. ग्रामसेवक जरा चहाला गेला की पान उलटून बघता यायचं. आता रजिस्टर गेलं, लॉगिन आलं. पासवर्ड साहेबांकडे. विचारायला गेलं की उत्तर, "साइटवर बघा." साइट उघडायची नाही. उघडली तर यादीचं पान सापडायचं नाही. आणि अर्ज केला तर हे आठ-एक-ञ. कागदावर 'ञ', बोलताना 'जे'. मावशींचा अंगठा रेशन दुकानातल्या मशीनवर दर महिन्याला लागतो. त्यांचं आधार सरकारकडे, बँक खातं सरकारकडे, बोटांचे ठसे सरकारकडे. त्या सरकारला आरपार दिसतात. सरकार त्यांना दिसत नाही.

आता तुमचं काम सांगते. घाबरवायला नाही लिहिलं हे. तुम्ही करू शकता. अजून पुष्कळ करता येतं.

पहिलं म्हणजे, असं पत्र आलं तर घडी घालून ठेवू नका. पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील करा. त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे, जोडपत्र 'ब', वीस रुपयांचा स्टॅम्प. वकील लागत नाही. लांबलचक लिहायची गरज नाही. आम्ही मावशींचं अपील घराच्या ओट्यावर बसून लिहिलं, तेव्हा त्यात तीन गोष्टी घातल्या. एक, कायद्याचं कलम ४(१)(ख). त्यात सतरा बाबी आहेत, ज्या प्रत्येक कार्यालयानं कुणी न मागताच जाहीर करायच्या असतात. त्यातली बारावी बाब म्हणजे अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, याचा तपशील. हे कलम कुणी बदललेलं नाही. त्याला हात लागलेला नाही. जी यादी तुम्ही स्वतःच भिंतीवर लावायची, ती मागितल्यावर खासगी कशी होते? दोन, कलम ८(२). पैसा सरकारी आहे, खऱ्या गरजूचा हक्क डावलला गेल्याची शंका आहे, म्हणून इथं लोकहित मोठं आहे, असं सरळ दोन वाक्यांत लिहिलं. हे अर्ज करतानाच लिहा. अपिलापर्यंत थांबू नका. पूर्वी हा विचार अधिकाऱ्यानं करायचा होता, आता तो तुम्ही त्याच्यापुढे मांडायचा आहे. तीन, कलम १०. यादीत काही खरंच खासगी असेल, म्हणजे आधार क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक, मोबाइल, कुणाचं आजारपण, तर तेवढं झाका आणि बाकीचं द्या.

या तिसऱ्या गोष्टीचा मनापासून आग्रह धरते. जे लागत नाही ते मागू नका. शेजाऱ्याशी बांधावरून भांडण आहे म्हणून त्याच्या सुनेच्या बाळंतपणाच्या रजेचा तपशील मागणारे अर्ज मी पाहिले आहेत. एकानं तर तो माझ्याकडूनच लिहून घ्यायचा प्रयत्न केला. मी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. अशा अर्जांनीच कात्री लावणाऱ्यांच्या हाती कात्री दिली. तुम्ही तसे नाही. ट्रॅक्टरवालीची यादीतली नोंद मागा, तिच्या खात्यात किती शिल्लक आहे ते मागू नका.

अर्ज लिहिताना आपल्या राज्याचा नियम लक्षात ठेवा. एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द. जाचक वाटतो, पण मला विचाराल तर त्यानं अर्ज धारदार होतो. 'सविस्तर माहिती द्यावी' असं लिहू नका. त्यावर सविस्तर काहीच येत नाही. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणतं काम, कोणता कागद हवा, ते लिहा. मोजमाप पुस्तिकेची प्रत. मंजूर यादी. निवड समितीचं इतिवृत्त. आंतरजालावरूनही अर्ज करता येतो. मुलांना सांगा, दहा मिनिटांचं काम आहे. पुण्यात, दुबईत, अमेरिकेत नोकरीला गेलेल्या मुलांनो, तुम्हीही ऐका. भारतीय पासपोर्ट असेल तर हा हक्क तुमच्याबरोबर आला आहे. गावच्या ग्रुपवर गणपतीचे फोटो टाकता, तसा वर्षाला एक अर्जही टाका.

दुसरं काम, आणि याला उशीर करू नका. जे आज दिसतं आहे ते उतरवून घ्या. घरकुलांच्या याद्या, रोजगार हमीची मस्टर, रेशन दुकानाचे व्यवहार, ग्रामपंचायतीचा जमाखर्च: यातलं बरंच आजही सरकारी संकेतस्थळांवर उघडं आहे. उद्या असेल का? मला खात्री नाही, म्हणून तर सांगते आहे. आपल्या गावाचं पान शोधा. डाउनलोड करा. छापून घ्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशीच्या ग्रामसभेत वाचा. मोठ्यानं वाचा. 'जाऊ तिथे खाऊ' सिनेमातली विहीर आठवते ना? कागदावर खणलेली, रानात नसलेली, आणि मग पोलिसात 'विहीर चोरीला गेली' अशी तक्रार! आपण पोट धरून हसलो होतो. ती विहीर कुणाच्या नावावर खणली हे कळलं, म्हणून विनोद झाला. नाव झाकलं तर चोरी होते आणि हसायलाही काही उरत नाही.

तुम्ही नोकरी करत असाल, वेळ नसेल, तर सोमवार लक्षात ठेवा. जिल्हास्तरावरच्या कार्यालयांत आणि महापालिकांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना दप्तर पाहू द्यायचं, असा राज्य सरकारचा २०१८ चा निर्णय आहे. पुष्कळ ठिकाणी कुणी फिरकतच नाही, म्हणून तो निर्णयही लोक विसरले आणि कार्यालयंही. एक सोमवार अर्धी रजा टाका. शेजाऱ्याला बरोबर घ्या. दोघं असलेले बरे.

आता ज्या तुमच्या हाती हे वाचताना एखादी नस्ती आहे, त्या तुमच्याशी बोलते. हो, तुमच्याशीच. जन माहिती अधिकारी म्हणून तुमच्या नावाची पाटी लागली आहे. तुमच्यातले कितीतरी जण माझ्या वर्गात बसलेले आहेत. तुम्ही वाईट नाही, हे मला ठाऊक आहे. तुम्हाला भीती वाटते. एकीकडे माहिती नाकारली तर दिवसाला ₹२५०, जास्तीत जास्त ₹२५,००० दंड. दुसरीकडे वर्तमानपत्रात २५० कोटींचा आकडा. माणूस साहजिकच 'नाही' लिहून मोकळा होतो. पण कलम २१ वाचा. सद्भावनेनं केलेल्या कृतीला कायद्याचं संरक्षण आहे. ८(२) तुमच्याही हातात दिलेलं आहे, त्याचा उपयोग करायला कुणी बंदी केलेली नाही. दोन ओळींचं छापील उत्तर टंकायच्या आधी समोरच्या अर्जावरची सही बघा. ती थरथरत्या हातानं केली आहे का, एवढंच बघा.

आणि सगळ्यांसाठी एक काम उरतं, ते खासदारांचं. कायद्याची ही दुरुस्ती संसदेनं केली, ती काढायचीही संसदेनंच. २०२५ च्या वसंतात विरोधी पक्षांच्या सव्वाशेच्या घरातल्या खासदारांनी ४४(३) काढून टाका असं निवेदन दिलं होतं. पण हे पक्षाचं भांडण होऊ देऊ नका. सत्तेत कुणीही बसो, नावं झाकलेली यादी त्याला सोयीचीच असते. महाराष्ट्रातून ४८ माणसं लोकसभेत जातात, गोव्यातून दोन. त्यातलं एक माणूस तुमचं आहे. तुमच्या दारात ते मतं मागायला आलं होतं. त्याला पत्र लिहा. छापील मजकूर नको, आपल्या हातानं लिहा. एवढंच लिहा, की आमच्या माहितीचं रक्षण करणारी कलमं मे २०२७ ची वाट न बघता लवकर लागू करा, आणि माहिती अधिकारातलं जुनं कलम, त्या फूटपट्टीसकट, परत द्या. लग्नाच्या मांडवात, सप्त्याच्या पंगतीत, उद्घाटनाच्या रांगेत ते भेटतील. नारळ त्यांच्या हातात द्यायच्या आधी विचारा, "साहेब, तुम्हाला मिळणारी माहिती मला का नाही?" उत्तर काय येतं ते ऐका. शेजारच्यालाही ऐकवा.

हे सगळं एकट्यानं करायचं नाही. महिला बचत गटाच्या महिन्याच्या बैठकीत पंधरा मिनिटं काढा. सोसायटीच्या वार्षिक सभेत विषय घ्या. शाळेतल्या शिक्षकांनो, नववीच्या मुलांना अर्ज लिहायला लावा. माझ्या मुलांनी एका वर्षी शाळेसमोरच्या गतिरोधकाबद्दल विचारलं होतं. कागदावर तो बांधलेला होता. पंधरा दिवसांत रस्त्यावरही आला.

मावशींचं अपील आम्ही गेल्या गुरुवारी दिलं. खिडकीतल्या मुलानं ते घेतलं आणि बाजूला ठेवलं. मावशी हलल्या नाहीत. मागं रांग वाढली, कुणीतरी कुरकुरलं. त्या दोन्ही हात खिडकीच्या कठड्यावर ठेवून उभ्याच. त्या मुलानं शेवटी शिक्का उचलला, प्रतीवर तारीख टाकली, आवक क्रमांक घातला. मावशींनी शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर मारली, मग घडी घालून तो रेशनकार्डाजवळ ठेवला.

सुनावणीची तारीख यायची आहे. त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर जाणार आहे. तुमच्या गावातही अशी एखादी मावशी असेल. तिच्याबरोबर जा. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.